आधी मुलांना विचारा

राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात, पिपलोदी गावी, २५ जुलै २०२५ रोजी सरकारी शाळेचं छत कोसळलं आणि सात मुलं गेली. वरून खडे पडताहेत असं आम्ही सांगितलं होतं, तरी आम्हाला वर्गातच बसवलं, असं वाचलेल्या मुलांनी नंतर सांगितलं. त्यानंतर केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने सगळ्या राज्यांना शाळांचं सुरक्षा परीक्षण करायला लावलं. मी जिल्हा परिषद शाळांची केंद्रप्रमुख. माझ्या केंद्रातल्या शाळांची पाहणी माझ्याकडे आली.

असे दाखले आपल्याकडेही आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये नगर जिल्ह्यात निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेचं छत पडून तीन मुलं दगावली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला आणि २१ ऑगस्टला शासन निर्णय निघाला. सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, सखी सावित्री समिती हे सगळं त्यात आलं. प्रत्येक घटनेनंतर पाहणीच्या तक्त्यात रकाने वाढत गेले. प्रत्येक रकान्यापुढे लिहायचं एवढंच: आहे किंवा नाही.

हा तक्ता घेऊन मी शाळांवर फिरले. सोबत पंचायत समितीच्या बांधकाम विभागाचे कनिष्ठ अभियंता होते. एका शाळेत सीसीटीव्ही ‘आहे’. लोकवर्गणीतून बसवलेला, चांगला कॅमेरा. पण वीजबिल थकल्यामुळे शाळेची जोडणीच तोडलेली होती. आठवड्यातून किमान तीनदा मुख्याध्यापकांनी चित्रीकरण तपासावं असं शासन निर्णय म्हणतो. इथे चित्रीकरणच होत नव्हतं. दुसऱ्या शाळेत वीज होती, कॅमेरा चालू होता आणि तक्रारपेटीही होती. पेटी कार्यालयाच्या दाराशेजारी, बरोबर कॅमेऱ्यासमोर लावलेली. कोणतं मूल तिथे जाऊन चिठ्ठी टाकेल? तक्त्यात मात्र दोन्ही शाळा उत्तीर्ण.

मुलींचं स्वच्छतागृह ‘आहे’, पाणी ‘आहे’, दारही ‘आहे’. मी सहावी-सातवीच्या मुलींना बाजूला घेऊन बसले, तेव्हा कळलं की दाराला आतून कडी नाही. एक मुलगी आत गेली की मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहते. मैत्रीण गैरहजर असली की त्या दिवशी पाणीच प्यायचं नाही. दुपारची सुट्टी संपत आली होती आणि कित्येक दप्तरांतल्या बाटल्या सकाळी भरल्या तशाच होत्या. मुलींनी हे कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. कडी मुख्याध्यापकांनी त्याच संध्याकाळी बसवून घेतली.

छताची गोष्टही मुलांनीच आधी दाखवली. दुसरीच्या वर्गात मी कपाटाजवळ उभी होते. पुढे बसलेली एक मुलगी म्हणाली, “बाई, तिथं नका उभ्या राहू. तिथं पडतंय.” मग माझं लक्ष खाली गेलं. सगळ्या बसकरपट्ट्या एका बाजूला सरकवलेल्या होत्या आणि कपाटाकडचा कोपरा रिकामा होता. मुलांनी आपापल्या अकलेने तो कोपरा सोडून दिला होता. वर्गशिक्षिकेने खोली गळत असल्याचं पत्र दोनदा दिलेलं होतं. ते वरच्या कार्यालयात कुठेतरी पडून होतं.

अभियंत्यांनी शिडी मागवली आणि स्लॅबवर हातोडीने हलके ठोके दिले. काँक्रीट धडधाकट असेल तर आवाज खणखणीत येतो, आतून सुटलं असेल तर भद्द येतो. त्या कोपऱ्यात आवाज भद्द आला. मुलांना बाहेर काढून त्यांनी जरा जोर लावला, तेव्हा परातीएवढा पोपडा खाली आला आणि गंजून फुगलेले गज उघडे पडले. पाणी मुरतं, गज गंजतो, गंजला की फुगतो आणि खालचं काँक्रीट ढकलून देतो, असं त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. वर्ग त्याच दिवशी समाजमंदिरात हलवला आणि खोलीच्या निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवला.

त्यानंतर मी पाहणीचा क्रमच बदलला. तक्ता शेवटी, मुलं आधी. शाळेत गेल्यावर मुलांना फरशीवर खडूने शाळेचा नकाशा काढायला सांगायचा. जिथे बरं वाटतं तिथे हिरवी खूण, जिथे भीती वाटते तिथे लाल. मुलं हे मन लावून करतात. लाल खुणा कुठे कुठे पडल्या ते मी वहीत उतरवत गेले. मागच्या भिंतीतलं खिंडार, जिथून संध्याकाळी माणसं दारू प्यायला येतात आणि सकाळी काचा मुलं वेचतात. हात धुण्याच्या नळाजवळची मोटारीची उघडी वायर. फाटकासमोरचा रस्ता, कारण गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या शाळा सुटण्याच्या वेळीच तिथून जातात. यातल्या रस्त्याला तक्त्यात रकानाच नव्हता. काही शाळांत एखादी लाल खूण एखाद्या जागेवर नसून माणसाच्या वाटेवर पडते. तिथे घाई न करता, त्या मुलाशी किंवा मुलीशी विश्वासातल्या बाईंनी एकांतात बोलायला हवं.

इथे कायदा अगदी स्पष्ट आहे. पॉक्सो कायदा २०१२ सालचा. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाला त्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शाळेचं नाव खराब होईल म्हणून आधी आपसात चौकशी करू, असं म्हणण्याची मुभा कोणालाच नाही. आमच्या शिक्षण परिषदेत मी हे कलम वाचून दाखवलं, तेव्हा अनुभवी शिक्षकांनीही ते वहीत उतरवून घेतलं.

मुलांसारखंच आणखी एका व्यक्तीचं म्हणणं शाळेत सहसा कोणी विचारत नाही, ती म्हणजे पोषण आहार शिजवणाऱ्या ताई. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यात, धर्मासती गंडामन गावी, दुपारच्या जेवणातून कीटकनाशक पोटात जाऊन २३ मुलं दगावली. तेलाबद्दल स्वयंपाकिणीने शंका काढली होती, तरी तेच वापरायला लावलं, असं तेव्हा समोर आलं. म्हणून मी प्रत्येक शाळेत स्वयंपाकघरात बसून ताईंना विचारते, तेल-तांदूळ कुठे ठेवता, फवारणीचं औषध शेजारी असतं का, गॅसची नळी शेवटची कधी बदलली. चव नोंदवहीवर सही असते, पण चव खरंच कोणी घेतं का, हे त्यांनाच ठाऊक असतं.

या पाहणीतून जे निघालं, त्यातलं बरंचसं फार पैशाचं नव्हतं. कडी, वायरला पाइप, तक्रारपेटीची नवी जागा, सुट्टीच्या वेळी फाटकावर एक शिक्षक आणि एक पालक. हे शाळा अनुदानातून आणि गावाच्या मदतीने झालं. वीज जोडणी ग्रामपंचायतीने बिल भरून परत मिळवली. मोठी कामं मात्र अडली आहेत. मागची कुंपणभिंत मंजुरीच्या वाटेवर आहे. दुसरीची खोली कुलूप लावून उभी आहे आणि मुलं अजून समाजमंदिरात बसतात. शिक्षण हक्क कायद्याने सर्व ऋतूंत टिकणारी इमारत आणि कुंपण हे शाळेचे निकष ठरवलेत. ते मिळवण्यासाठी शिक्षकांनी दारोदार फिरावं लागू नये. खोली धोकादायक ठरल्यावर पाडकाम आणि नवं बांधकाम ठरावीक मुदतीत झालंच पाहिजे, असं बंधन प्रशासनाने स्वतःवर घालून घ्यावं.

पालकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना माझी कळकळीची विनंती आहे. या समितीत तीन चतुर्थांश जागा कायद्याने पालकांच्या आहेत. पुढची बैठक कार्यालयात चहा घेऊन संपवू नका. शाळेत फिरा, स्वच्छतागृहाचं दार आतून लावून बघा, तक्रारपेटी शेवटची कधी उघडली ते विचारा. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक मुलांना पाठ आहे का पाहा. आणि हे सगळं करण्याआधी मुलांच्या हातात खडू द्या. कुठे भीती वाटते ते त्यांना माहीत असतं. ती सांगतील, तेव्हा त्याच दिवशी काहीतरी करा.