मुलचेऱ्याला रुजू होण्यापूर्वी

चि. मीनल,

मुलचेरा तालुक्यात शिक्षिका म्हणून नेमणूक झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. तुझ्या वर्गात घरी बंगाली बोलणारी मुलं असतील, तशीच गोंडी-माडिया बोलणारीही. दोघांचीही इथली गोष्ट तुला ठाऊक असावी, म्हणून हे पत्र.

फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येतच राहिले. १९६४ च्या दंगलींनंतर तर फार मोठ्या संख्येनं लोक आले. रायपूरजवळच्या माना छावणीत अनेकांनी दिवस काढले. पुढे काही कुटुंबांना आपल्या तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात जमिनी मिळाल्या. मुलचेरा ज्यात येतो तो गडचिरोली जिल्हा त्यातून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. मिळालेल्या त्या जमिनींवर सुभाषग्राम, देशबंधूग्राम, खुदिरामपल्ली, विवेकानंदपूर ही गावं वसली.

या कुटुंबांतले बहुतेक नमःशूद्र समाजाचे, नदीकाठचे शेतकरी आणि मासेमार. त्यांच्या वाट्याला आलं जंगल, मुरमाड जमीन आणि हिवताप. तरी धान त्यांना नवं नव्हतं. पऱ्हे टाकणं, चिखलणी, रोवणी हे इथंही होतंच. गावाला बोडी, म्हणजे छोटं तळं, मिळाली की त्यात मासोळीचं बी पडायचं. आजही अंगणात तुळस आणि दारात वाळत घातलेलं जाळं दिसेल, त्यांचे गुरू हरिचाँद ठाकुर यांच्या उत्सवात डंक्याचा आवाज ऐकू येईल. पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत असलेला हा समाज महाराष्ट्राच्या यादीत मात्र नाही. पोरांच्या जातीच्या दाखल्याचा प्रश्न निघेल तेव्हा हे ध्यानात ठेव.

पण इतकंच शिकवलंस तर ते अर्धंच होईल. ते रान रिकामं नव्हतं. मोहफूल, तेंदूपत्ता, गुरांची चराई, देवाची जागा, सगळं माडिया-गोंडांचं तिथं होतं. एका उखडलेल्या समाजाला निवारा देताना दुसऱ्याच्या पायाखालचं जंगल कमी झालं. निर्णय दिल्ली-मुंबईत झाले. एकमेकांशेजारी राहणं मात्र या दोघांनाच शिकावं लागलं. एकाचं दुःख सांगताना दुसऱ्याचं झाकू नकोस.

पहिल्याच सत्रात मुलांना घरच्या म्हाताऱ्यांकडे पाठव. आपण इथं कधी आलो, त्याआधी इथं काय होतं, पहिल्या पावसाळ्यात कोणी मदत केली, हे विचारून लिहून आणू दे. दोन्हीकडची उत्तरं एकाच वहीत उतरव आणि वर्गात मोठ्यानं वाचून घे. ज्यांनी ते दिवस पाहिले ती माणसं आता थकली आहेत, तेव्हा उशीर करू नकोस.

तुझी,
आत्या