पडीक म्हटलेला डोंगर

आमच्या छत्रपती संभाजीनगरला समुद्र नाही. तरी श्रावणात म्हैसमाळच्या उतारांवर हिंडताना मला हमखास कोकणातली मर्यादवेल आठवते. ती खाऱ्या, सरकत्या वाळूवर जांभळी फुलं घेऊन पसरते. इथे काळ्या कातळावर जेमतेम बोटभर माती, आणि असल्याच मातीत खर्चुडी उगवते. दोघींना सुपीक जमीन लागत नाही.

खर्चुडीचं फूल म्हणजे बोटाच्या पेराएवढा उभा कंदील. बुडाशी फुगीर, वर निमुळती नळी, टोकाला पाकळ्यांचे शेंडे जुळून झालेला पिंजरा. वासानं ओढलेली चिलटं आत उतरतात. नळीतले केस खाली वळलेले, त्यामुळे परतीची वाट बंद. फुलाला त्यांचा जीव नको असतो. केस कोमेजले की चिलटं पराग घेऊन सुटतात आणि पुढच्या फुलात पुन्हा शिरतात. इतकी नाजूक व्यवस्था या उघड्या माळावर चालते, याचं मला दरवर्षी नव्यानं अप्रूप वाटतं.

कंद गोड म्हणून गुराखी उकरतात, रानडुकरंही. ते पूर्वापार चालत आलंय. वनस्पतींच्या अभ्यासकांनीही या रानाची दखल घेतली. प्रा. व्ही. एन. नाईक यांनी इथलं रान पायाखाली घालून 1998 साली ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’चे दोन खंड काढले; या कोरड्या मुलखाची केवढी श्रीमंती त्यांत नोंदली आहे! कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि सहकाऱ्यांनी खर्चुडीच्या दुर्मीळ भाईबंदांना बागेत जपलं, वाढवलं.

बागेत रोप जगवता येतं. ते परत लावायला डोंगर मात्र मूळचाच लागतो. आणि त्या डोंगराला आपण पडीक म्हणतो, खड्डे घेतो, गिरिपुष्प लावतो. किनाऱ्यावर सुरूची बनं लावून वाळूवरच्या वेलींचं ऊन असंच हिरावलं गेलं. झाडं लावण्यात पुण्य आहे, हे मलाही मान्य आहे. पण गवताळ उतार ही रिकामी जागा नव्हे.

वनीकरणाची पाहणी उन्हाळ्यात झाली, तर खर्चुडी कंदरूपानं जमिनीखाली असते आणि कागदावर ‘काही नाही’ असंच लिहिलं जातं. म्हणून खड्डे घेण्याआधी कुणा जाणत्यानं तो उतार एकदा भर पावसाळ्यात पायी फिरून पाहावा, एवढंच माझं मागणं आहे.