चौथा दिवस

"तूच हात लावलास बरणीला," असं मी तिला म्हटलं होतं. ते वाक्य अजून घशात अडकलेलं आहे.

बाबा नागपूरहून भिलाईला पोलाद कारखान्यात आले ते रशियन इंजिनिअरांच्या काळात. ती माणसं काळा, आंबट पाव खातात याचं त्यांना फार नवल. तो पाव विकतच्या यीस्टवर नाही, घरात राखलेल्या आंबवणावर फुगतो, हे मला साठी उलटल्यावर कळलं. झालं, सॉरडोचं खूळ डोक्यात शिरलं.

काचेची बरणी, ५० ग्रॅम कणीक, ५० ग्रॅम पाणी. रोज निम्मं काढायचं, पुन्हा कणीक-पाणी घालायचं. दुसऱ्याच दिवशी पीठ दुप्पट झालं. वास ओल्या पायमोज्यांचा, पण मी भाचीला फोटोसुद्धा पाठवला. आणि चौथ्या दिवशी सगळं बसलं. एक बुडबुडा नाही, वर करड्या पाण्याचा थर. फेकलं. पुन्हा लावलं, पुन्हा चौथ्या दिवशी तेच. तिसऱ्या वेळी बरणी उकळत्या पाण्याने धुतली, माठातलं पाणी वापरलं, झाकणावर फडकं बांधलं. चौथ्या दिवशी सकाळी बरणी तशीच गप्प, आणि शेजारी ओटा पुसत उभी असलेली आमची कामवाली. साबणाच्या हातानं हिनंच काहीतरी केलं, असं मनात आलं आणि तोंडातून गेलंही.

"मैं तो छुए घलो नइ हंव, दीदी." एवढंच बोलली. मी पुढे पाच मिनिटं स्वच्छतेवर बोलत राहिले. कोणाला? जी बाई जन्मभर रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी कांदा-मिरचीबरोबर बासी खात आली, तिला मी आंबवायचं कसं ते शिकवत होते. २०२२च्या कामगारदिनी छत्तीसगडच्या मुख्यमंत्र्यांनी हीच बोरे-बासी खायचं आवाहन केलं, तेव्हा आमच्या ओळखीतल्या साहेबलोकांनीही वाडग्यासकट फोटो काढले होते. तिचा कोणी काढला नाही.

नंतर वाचलं आणि कानशिलं तापली. दुसऱ्या दिवशीची ती उसळी यीस्टची नसतेच मुळी. ती ल्युकोनॉस्टॉक जातीच्या जीवाणूंची. ते वायू सोडतात, आम्लही करतात, आणि आंबटपणा वाढला की स्वतःच थंडावतात. पावाचं खरं यीस्ट तोवर कणकेत झोपलेलं असतं. त्याला जागं व्हायला तोच आंबटपणा लागतो. मधले दोन-चार दिवस बरणी मेल्यासारखी दिसते. मेलेली नसते. मी तीनदा जिवंत आंबवण नाल्यात ओतलं होतं.

याच जातीचे जीवाणू इडलीचं पीठ फुगवतात. चाळीस वर्षं इडल्या केल्या, पण फुगलेलं पीठ लगेच वाफवतो, त्यामुळे पुढची शांतता बघायची वेळच येत नाही.

चौथ्यांदा मी फक्त थांबले. आठव्या दिवशी बरणीला फळासारखा आंबूस वास आला आणि पीठ चार तासांत दुप्पट झालं. लावणार असाल तर एवढं ऐका: चौथ्या दिवशी फेकू नका. पहिल्या आठवड्यातलं काढलेलं पीठ खाऊ नका, पुढचं धिरड्यांत छान जातं. आमच्यासारखा मे महिना असेल, पारा ४४-४५ला, तर चमचाभर आंबवणाला पाचपट कणीक आणि पाचपट पाणी घाला, नाहीतर दुपारपर्यंत नेलपॉलिशचा वास सुटतो. नाहीतर सरळ फ्रिजमध्ये ठेवा.

पाव बरा होतो. यांना मात्र बेकरीचा मऊच आवडतो, आणि खरं सांगू, मलाही चहाबरोबर तोच बरा वाटतो.

तिची माफी मागायची राहिली. चूक माझीच, हे शंभरदा पटलंय. तरी एखाद्या दिवशी वाटतं, तिसऱ्या वेळी खरंच तिचा हात लागला नसेल ना? मग स्वतःचीच लाज वाटते. एकदा मी झाकण उघडलं तेव्हा तिनं लांबूनच वास घेतला, "बासी कस महकत हे," म्हणाली आणि भांड्यांकडे वळली.

ओटा ती रोज पुसते. बरणीभोवती चार बोटं जागा मात्र कोरडी सोडते. ती मी पुसते.