क्रांती चौकाच्या हवेला मानवेल असं ऑर्किड

छत्रपती संभाजीनगरचा क्रांती चौक तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. जालना रोडवरचा हा गजबजलेला चौक. १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध उठलेल्या सैनिकांची आठवण या जागेशी जोडलेली आहे. २०२२ मध्ये इथे छत्रपती शिवाजी महाराजांचा नवा पुतळा उभा राहिला. ३१ फुटांचा चौथरा आणि त्यावर २१ फुटांचा पुतळा! पाहायला मान चांगलीच वर करावी लागते.

आज मात्र आपण या चौकात थांबू या ते हवा पाहायला. का, सांगते. आपल्याला ऑर्किडचं रोप विकत आणायचं आहे, आणि ते राहणार आहे याच हवेत. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. हवा इतकी कोरडी, की ओला टॉवेल बघता बघता वाळतो. ऑर्किडला तर दमट हवा आवडते. मग जमणार कसं? जमतं; पण निवड नीट करावी लागते.

चला, मध्यवर्ती बसस्थानकातून पुण्याची एसटी पकडू. अहिल्यानगरमार्गे सुमारे २३५ किलोमीटरचा प्रवास. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास मोठं पुष्पप्रदर्शन भरतं. तिथे रोपवाटिकांचे गाळेही असतात. जांभळी, पांढरी, पिवळी ऑर्किडं पाहून डोळे दिपतात, आणि पहिलाच हात जातो तो सगळ्यांत मोठ्या फुलाकडे. थांबा! फूल काही आठवड्यांचं असतं, रोप अनेक वर्षांचं. म्हणून आधी फुलाखाली बघा.

पहिली गोष्ट मुळं. ऑर्किडला मराठीत ‘आमरी’ म्हणतात. पुष्कळ आमरी झाडांच्या फांद्यांवर वाढतात. पण ती बांडगुळं नव्हेत बरं का! बांडगूळ झाडाचा रस शोषतं. आमरी फक्त फांदीवर बसते. तिच्या मुळांवर स्पंजासारखं पांढुरकं आवरण असतं. पाणी मिळालं की ते हिरवट दिसू लागतं. मुळं टणक असली तर रोप निरोगी. तपकिरी, मऊ, पिचपिचीत असली तर कुजलेली. अशा रोपाला नमस्कार करून पुढच्या गाळ्यावर जा.

दुसरी गोष्ट, कुंडी हळूच हलवा. रोप डगडगलं तर त्यानं अजून मूळ धरलेलं नाही. मग पानं उलटून पाहा. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. तो घरी आला की आईच्या इतर कुंड्यांतही शिरतो!

आता जात कोणती घ्यायची? टोपलीत टांगलेली, मुळं मोकळी सोडलेली वांदा फार देखणी असते. तिचं नाव आपल्या संस्कृतातल्या ‘वन्दा’ या शब्दावरून आलं आहे. पण तिची उघडी मुळं कोरड्या हवेत भराभर सुकतात. दिवसातून दोन-दोनदा पाणी द्यायला कोणी घरी नसेल, तर उन्हाळ्यात तिचे खरोखरच वांदे होतात! नवशिक्यांनी डेंड्रोबियम घ्यावं. त्याची कांडी उसासारखी दिसते आणि तिच्यात पाणी साठलेलं असतं, त्यामुळे थोडी हयगय ते सोसतं. फुलांच्या तुऱ्यावर खालची दोन-चार फुलं उमललेली आणि वर कळ्या असलेलं रोप निवडा. रंगही कळतो आणि फुलं घरी जास्त दिवस टिकतात.

विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा : “काका, हे रोप रोपवाटिकेतलं आहे की जंगलातलं?” ऑर्किडचं बी धुळीच्या कणाएवढं असतं. निसर्गात ते रुजायला एका विशिष्ट बुरशीची मदत लागते, म्हणून लाखो बियांतून एखादंच रोप मोठं होतं. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या लुईस नडसन या शास्त्रज्ञानं काचेच्या बाटलीत, साखर घातलेल्या खळीवर बी रुजवून दाखवलं. आज रोपवाटिका अशाच बाटल्यांतून रोपं वाढवतात. मग सह्याद्रीतल्या झाडावरची आमरी ओरबाडायची कशाला? तशी कोणी विकत असेल तर स्वस्त असली तरी घेऊ नका.

घरी आल्यावर त्याला माती घालू नका. कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे पुरेत. सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशी जागा द्या. दुपारच्या उन्हात हिरवी जाळी बांधा. उन्हाळ्यात कुंडीशेजारी पाण्याची पसरट थाळी ठेवा, म्हणजे आसपासची हवा थोडी ओलसर राहते.

आणि एक दिवस सगळी फुलं गळून पडतील. तेव्हा ‘रोप मेलं’ म्हणून ते फेकून देऊ नका! अनेक घरांत ऑर्किडचा शेवट असाच होतो. कांडी हिरवी आहे ना? मग रोप जिवंत आहे. बुडाशी नवा कोंब दिसला की त्याची तारीख वहीत लिहा. त्या कोंबावर फूल आलं, की क्रांती चौकाची हवा त्याला मानवली असं खुशाल समजा.