काठ आणि पाणी

महाडच्या चवदार तळ्याचे एक वर्णन मुंबई उच्च न्यायालयाच्या 17 मार्च 1937 च्या निकालपत्रात आहे. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या त्या वर्णनात कसलाही अलंकार नाही. चार-पाच एकरांचे, गावाच्या कडेचे हे तळे. त्याच्या चारही बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते. रस्त्यांपलीकडे सवर्ण हिंदूंची आणि मोजक्या मुसलमानांची घरे. घरे रस्त्यापलीकडे असली, तरी त्यांतल्या अनेकांची मालकी रस्ता ओलांडून अलीकडे आलेली होती. पाण्यालगतच्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्या, पाण्यात उतरणारे घाट, कडेचे दगडी बांध हे घरमालकांचे. अस्पृश्यांचे घर जवळपास एकही नाही.

चवदार तळ्याची कथा मराठी वाचकाला इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की तिच्यातला जमीनजुमल्याचा हा भाग सहसा नजरेतून निसटतो. ओंजळ लक्षात राहते. त्या ओंजळीखालच्या पायऱ्या कोणाच्या होत्या, हे कोणी विचारत नाही. महाडच्या सवर्णांनी मात्र नेमके तेच विचारले, आणि तेही दिवाणी न्यायालयात.

सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा ठराव सी. के. बोले यांच्या पुढाकाराने मुंबई कायदे कौन्सिलात 1923 साली संमत झाला होता. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये त्याला अनुसरून आपलाही ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण काठावर काही बदलले नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या प्रतिनिधींसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतरची मारहाण आणि पंचगव्याने केलेली तळ्याची 'शुद्धी' सर्वांना ठाऊक आहे. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला, हे त्या मानाने कमी सांगितले जाते. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह होणार असे ठरताच काही सवर्ण गृहस्थांनी दावा लावला. त्यांचे म्हणणे असे, की तळे सार्वजनिक नव्हेच. ते खाजगी आहे. आणि खाजगी नसले, तरी अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची रूढी पुरातन आहे.

या दुसऱ्या म्हणण्यापाशी थांबले पाहिजे. मराठी मुलखात 'वहिवाट' हा शब्द कायद्याचे पुस्तक न उघडलेल्या माणसालाही कळतो. बांधावरून बैलगाडी जात आली, विहिरीची पाळी चालत आली, परसातून पाणंदीची वाट निघत आली, की तो हक्क होतो. बांधावरून होणारी भांडणे आणि मामलेदारापुढचे अर्ज यांतले निम्मे तरी या एका शब्दाभोवती फिरतात. पण वहिवाट म्हणजे आपण काय करत आलो. महाडच्या दाव्यात ती उलटी घातली होती. दुसरे लोक इथे कधी आले नाहीत, हाच आमच्या हक्काचा पुरावा. त्यांना कोणी येऊ दिले नाही, हे त्याच वाक्याचे दुसरे अंग होते आणि ते वादींना अडचणीचे वाटले नाही.

14 डिसेंबर 1927 रोजी न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. आंबेडकर स्वतः बॅरिस्टर होते. सत्याग्रहासाठी जमलेल्या हजारो माणसांसमोर हुकूम मोडायचा की पाळायचा, हा प्रश्न उभा राहिला आणि अखेर पाळायचे ठरले. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. 27 तारखेला मिरवणूक निघाली ती गावातून तळ्याभोवती गेली. पाण्याला कोणी शिवले नाही. रस्ता नगरपालिकेचा होता, त्यावरून चालण्याला कोणाची हरकत चालणार नव्हती. ती माणसे चालत होती तो रस्ता आणि पाणी यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी होती, तिच्यावर सारा दावा उभा होता. या मिरवणुकीचे चित्र मार्चच्या ओंजळीइतके लोकांच्या मनात का रुजले नाही, याचे नवल वाटते. माघार म्हणून तिच्याकडे पाहणारे पाहोत. तहानेपेक्षा शिस्त अवघड असते, हे त्या दिवशी चालणाऱ्यांना कळले असेल.

मनाई हुकूम 1928 च्या फेब्रुवारीत उठला, दावा मात्र रेंगाळत राहिला. महाडच्या न्यायालयाने 1931 मध्ये तो फेटाळला, ठाण्याच्या न्यायालयाने 1933 मध्ये अपील फेटाळले. खाजगी मालकीचा दावा खालच्या न्यायालयांतच टिकला नाही. तळे नगरपालिकेचे ठरले. उच्च न्यायालयापर्यंत पोहोचली ती रूढी.

1922 मध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश हेच ब्रूमफील्ड. त्यांच्यासमोरचा प्रश्न आता लहान होता, निदान कायद्याच्या भाषेत तरी. रूढीला कायद्याचे बळ यायचे तर ती अनादिकालापासून चालत आलेली असावी लागते. वादींना ते सिद्ध करता आले नाही. अपील फेटाळले गेले. पहिल्या ओंजळीला दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस कमी होते.

निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला, पण तो कोणत्या वाटेने लागला हे पाहण्यासारखे आहे. रूढीच सिद्ध न झाल्यामुळे ती अन्याय्य आहे काय, सार्वजनिक हिताच्या विरुद्ध आहे काय, या प्रश्नात शिरण्याची न्यायालयाला गरजच उरली नाही. वादींनी पुरावा अधिक भक्कम आणला असता, तर काय झाले असते? माणसाला पाण्यापासून दूर ठेवणे चुकीचे आहे, असे त्या निकालाने म्हटलेले नाही. इतका जुना बहिष्कार दाखवता आला नाही, एवढेच म्हटले आहे. आंबेडकरांसारख्या कायदेपंडिताच्या नजरेतून हा फरक सुटला असेल, असे मानणे कठीण.

26 जानेवारी 1950 रोजी अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात, भेदभावाला मनाई करताना, विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांची नावे एकामागून एक घेतली आहेत. राज्यघटनेसारख्या ग्रंथात घाटाच्या पायऱ्या कशा आल्या, असे कोण्या परक्या वाचकाला वाटेल. महाडच्या निकालपत्रातले वर्णन वाचलेल्याला वाटणार नाही. शासनाच्या पैशाने राखलेल्या किंवा लोकांसाठी अर्पण केलेल्या ठिकाणांपुरतीच ती यादी आहे. रस्त्याच्या अलीकडच्या, ज्याच्या त्याच्या मालकीच्या पट्ट्यांबद्दल तिच्यात काही नाही.