बाहेरची माणसे

पुणेकराला बोलते करायचे असेल, तर त्याला प्रश्न विचारू नये. ‘पुणे आता फार सुधारले हो!’ एवढेच सहज म्हणावे आणि खुर्चीला पाठ टेकून बसावे. पुढचा तासभर आपल्याला काही करावे लागत नाही. सायकलींचे गाव कसे मोटारींचे झाले, टेकडीवर फिरायला गेले तर टेकडीच्या पायथ्याशी कशा इमारती दिसतात, भाजीवाला ‘कितना दूँ’ म्हणून कसा विचारतो, मुठेचे काय झाले आणि उन्हाळ्यात टँकर किती लागतात, हे सारे ओळीने येते. आणि कीर्तनाच्या शेवटी आरती यावी तसा शेवटी निकालही येतो : ‘बाहेरच्या माणसांनी घात केला या गावाचा!’

आमच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. हे कीर्तन त्यांच्याइतके रंगवून कोणी करत नाही. जन्म सदाशिव पेठेतला, नोकरी पेठेतल्याच शाळेत, आणि वाडा पडला म्हणून उतारवयात कोथरूडला आले, तर अजूनही पेठेत जाताना ‘जरा गावात जाऊन येतो’ म्हणतात. त्यांच्या लेखी नदीपलीकडे राहायला येणे हाच एक प्रवास होता. अशा माणसाने समोरच्या दारावर पाटण्याच्या माणसाची पाटी वाचावी, म्हणजे काय होत असेल ते वाचकांनीच ताडावे.

मला मास्तरांचे बोलणे आवडते. ते खोटे नसते म्हणून. १९५० साली पुण्याची महानगरपालिका झाली, तेव्हा तिच्या हद्दीत पाच लाखही माणसे नव्हती. २०११ च्या शिरगणतीत ती एकतीस लाखांवर गेली. घर तेवढेच आणि पाहुणे सहापट, असे झाले तर कोणती गृहिणी हसतमुख राहील? पण गंमत अशी, की ‘पूर्वीचे पुणे’ नेमके कधी संपले, हे विचारले तर दर माणूस निराळी तारीख सांगतो. कोणी म्हणतो हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या तेव्हा. कोणी म्हणतो पिंपरीला १९५४ साली पेनिसिलिनचा कारखाना निघाला आणि मागोमाग कारखान्यांची रांग लागली तेव्हा. कोणाला पानशेतचा पूर आठवतो. मी बारकाईने पाहिले आहे : ज्याचे त्याचे जुने पुणे त्याच्या घराण्याने येथे पथारी टाकली त्या दिवशी सुरू होते, आणि त्याच्या मागून दुसरा कोणी आला की संपते.

इतिहास तर या बाबतीत फारच खट्याळ आहे. आदिलशाही फौजेने उजाड केलेले पुणे जिजाबाई आणि बाल शिवाजी यांनी पुन्हा वसवले, तेव्हा रयत चार ठिकाणांहून गोळा करावी लागली. पुढे १७१३ साली पेशवेपद मिळालेले बाळाजी विश्वनाथ मूळचे श्रीवर्धनचे. त्यांच्या मुलाने १७३० साली शनिवारवाड्याचा पाया घातला आणि मग कोकणातून घाट चढून येणाऱ्यांची रीघच लागली. कसब्यातल्या जुन्या वस्तीने या नव्या मंडळींच्या बोलीला आणि जेवणातल्या नारळाला नावे ठेवली नसतील, असे मला तरी वाटत नाही. लोकमान्य टिळक रत्नागिरीत जन्मले आणि दहा वर्षांचे असताना पुण्यात आले. गोखले कोतळूकचे, अण्णासाहेब कर्वे मुरुडचे, न्यायमूर्ती रानडे निफाडला जन्मलेले, आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. ज्यांचे पुतळे दाखवून आपण पाहुण्यांना ‘हे आमचे पुणे’ म्हणतो, त्यांच्यातले निम्मे तरी बाहेरचे निघतात.

थोर पुरुषांचे राहू द्या. आपण ज्याला अस्सल पुणेरी म्हणतो ते तरी कुठले? चितळे भिलवडीचे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या ‘वैशाली’त बसून पुण्याच्या ऱ्हासावर चर्चा झडते, ती ‘वैशाली’ उभी केली दक्षिण कानडातून आलेल्या जगन्नाथ शेट्टी यांनी. आणि डिसेंबरच्या थंडीत शाल पांघरून ज्या सवाई गंधर्व महोत्सवाला जाणे हे पुणेकरपणाचे प्रमाणपत्र मानले जाते, तो १९५३ साली सुरू करणारे भीमसेन जोशी कन्नड मुलखातून आलेले. त्यांना कोणी ‘बाहेरचे’ म्हटले, तर मास्तर काठी उगारतील.

मग एक प्रश्न उरतो, आणि तो मला थट्टेवारी नेता येत नाही. इतकी माणसे बाहेरून आली आणि पुणेकर झाली. मग आता येणारी का होत नाहीत? माणसे बदलली की गाव बदलले?

माझे उत्तर वाड्यात आहे. वाडा म्हणजे माणसाला पुणेकर करणारा घाणाच होता म्हणा ना! मध्ये चौक, चौकात एक हौद किंवा नळ, भोवती दहा-बारा बिऱ्हाडे. नवे बिऱ्हाड आले की दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर त्याची उलटतपासणी होई. पाणी किती वाजता जाते, कचरा कुठे टाकायचा, दुपारी दारे का वाजवायची नाहीत, हे कोणी तरी करड्या आवाजात सांगे. तो आवाज ऐकून नव्या माणसाला वाटे, ‘काय खडूस लोक आहेत!’ पण त्या खडूसपणातच त्याचे शिक्षण चालू असे. पोरे चौकात खेळून महिन्याभरात इथली भाषा बोलू लागत. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. आठवड्याच्या सात घरांत त्या मुलाला आमटीचे सात प्रकार आणि बोलण्याचे सात ढंग कळत. गणपतीत त्याला सतरंज्या उचलायला लावत, आणि वसंत व्याख्यानमालेला तो मागे उभा राहून ऐके. ‘आता तुम्ही पुणेकर झालात’ असे त्याला कोणी सांगितले नाही. एके दिवशी तोच दुसऱ्या नव्या बिऱ्हाडाला पाण्याची वेळ करड्या आवाजात सांगताना आढळे.

वाड्याचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्याचे दार सर्वांना उघडे नव्हते. खोली देण्याआधी जात विचारली जाई, आणि ‘आपल्यातले’ नसाल तर खोली रिकामी असूनही नसे. ज्योतिरावांनी १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली आणि १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हौद खुला करावा लागला, याचा अर्थच हा, की पिढ्यान्‌पिढ्या याच गावात जन्मलेल्या माणसांना या गावाचे पाणी बंद होते. ती माणसे कुठून आली नव्हती. त्यांना येथल्यांनीच बाहेरचे करून ठेवले होते. म्हणून ‘बाहेरचा’ हा शब्द उच्चारताना मला जरा अडखळायला होते. तो नेहमी लांबून येणाऱ्यालाच लागतो असे नाही.

हा वाडा गेला कसा? तो पाटण्याच्या माणसाने पाडला नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी थिजली. मालकाला मिळणाऱ्या भाड्यात कौले शाकारणे परवडेना, आणि भाडेकरूला तेवढ्या भाड्यात दुसरीकडे जागा मिळेना. दोघेही एकमेकांचे तोंड न पाहता एकाच गळक्या छपराखाली म्हातारे झाले. मध्येच १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, आणि नदीकाठच्या पेठांतले मातीविटांचे कितीतरी वाडे एका दिवसात बसले. उरलेले हळूहळू बिल्डरांच्या हाती गेले. मालकाला पैसे मिळाले, भाडेकरूला स्वतःचे संडास-न्हाणीघर मिळाले. ज्याने बादली घेऊन रांगेत उभे राहून तारुण्य काढले, त्याला या सुखाबद्दल बोल लावण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण चौक मात्र कोणाच्याच वाट्याला आला नाही. क्षेत्रफळाच्या हिशेबात चौकाला रकानाच नव्हता.

आता नव्या माणसाची आणि आपली गाठ पडते ती लिफ्टमध्ये, आणि तिथे दोघेही मजल्यांचे आकडे पाहतात. फाटकावर पहारेकरी. मुले निरनिराळ्या बसने निरनिराळ्या शाळांत जातात. ‘यांना मराठी येत नाही’ ही तक्रार मला अगदी मान्य आहे. ज्या गावाचे पाणी प्यावे त्या गावाची भाषा शिकावी, यात अन्याय तो कसला? पण शिकवणार कोण? समोरचा जरा चाचरला, की आपणच आधी मोडक्या हिंदीवर घसरतो, आणि घरी येऊन मराठीच्या भवितव्याची चिंता करतो.

शहराच्या कडेला गेले, की मात्र ही थट्टा पुरत नाही. २०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावे महापालिकेत आली. ती माणसे कुठे गेली नाहीत. शहरच त्यांच्या घरी चालत आले. जिथे ज्वारी होती तिथे वीस मजले उभे राहिले. काहींनी जमिनीचे पैसे नीट राखले. काहींचे पैसे गाडीत आणि लग्नांत गेले, आणि आता ती आपल्याच शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीच्या फाटकावर नाव लिहून आत जातात. ग्रामदैवताच्या जत्रेत ढोल वाजू लागले की वरच्या मजल्यावरून आवाजाची तक्रार येते. पेठेतल्या माणसाचे दुखणे सवयीचे आहे. या माणसाचे दुखणे पायाखालच्या जमिनीचे आहे. दोघेही ‘बाहेरचे’ म्हणूनच बोलतात. पण गावातल्या माणसाच्या यादीत कोथरूडचे आम्हीही असतो, हे पेठेतल्या माणसाच्या ध्यानात येत नाही.

आमच्या मास्तरांची मुलगी बंगळूरला असते. मध्यंतरी ते तावातावाने माझ्याकडे आले. तिथल्या रिक्षावाल्याने मुलीला म्हणे सुनावले, ‘इथे राहायचे तर कन्नड बोला.’ मास्तर म्हणाले, “सक्ती कसली ही? माणूस पोटासाठी जातो. लगेच भाषा कुठून येणार?” मी चहा पीत राहिलो. अशा वेळी चहासारखा मित्र नाही. पुढे वर्षभराने मुलगी आली, तेव्हा फोनवर कोणाशी तरी कन्नडात चार वाक्ये बोलली. मास्तरांचा चेहरा फुलला. मी तिला विचारले, “रिक्षावाल्याच्या धाकाने शिकलीस का ग?” ती हसून म्हणाली, “नाही हो काका. खालच्या मजल्यावरच्या आजींनी शिकवले. कढीपत्ता मागायला गेले की आधी वाक्य म्हणून घेतात, मग देतात.”

त्या न पाहिलेल्या आजींना मी मनोमन नमस्कार केला. चौक नसला तरी कढीपत्त्याच्या एका डहाळीवर वाडा उभा करता येतो, हे त्यांनी दाखवले. माणसे येणारच. पोट त्यांना आणते. तुमच्या-माझ्या आजोबा-पणजोबांनाही त्यानेच आणले. घरे महागणे, पाणी आटणे, टेकडी खचणे यांचा जाब जरूर विचारावा; पण तो ज्यांनी परवाने दिले आणि ज्यांनी ते घेतले त्यांना विचारावा. भाड्याने राहणाऱ्या, सकाळी आठला बाहेर पडून रात्री नऊला परतणाऱ्या पोराला विचारून काय उपयोग? त्याच्याकडे फक्त एक किल्ली असते.

गेल्या पाडव्याला आमच्या घरून समोरच्या पाटण्याच्या बिऱ्हाडी फराळाचे ताट गेले. ते सहा दिवस तिकडेच राहिले. मग त्यांची छठपूजा झाली आणि दुसऱ्या दिवशी ती सून ताट घेऊन आली. ताटात ठेकुए होते. कणकेत गूळ आणि तूप घालून, लाकडी साच्यावर दाबून तळलेले. “रिकामे ताट परत करू नये म्हणतात ना, काका?” ती हिंदीत म्हणाली. “माझी आई असेच सांगते. म्हणून थांबले होते.” आमची ही तिच्याकडे बघतच राहिली, कारण तिच्या सासूबाईंचे वाक्यही अगदी हेच असे.

दोन ठेकुए मी मास्तरांना नेऊन दिले. त्यांनी एक उलटून पाहिला, साच्याची नक्षी पाहिली, तुकडा मोडला, चावला आणि बराच वेळ गंभीर चेहऱ्याने बसले.

“शंकरपाळ्याच्या जातीचे आहे,” ते अखेर म्हणाले. “पण मोहन कमी पडले आहे. सांगा त्या मुलीला.”

“तुम्हीच सांगा की,” मी म्हटले.

मास्तरांनी चष्मा पुसला, सदऱ्याची बटणे लावली आणि समोरच्या दारावरची घंटा दाबली.