कुरकुर

पेजमेकरची फाइल उघडतेय की अडकलीय, हे पडद्यावर दिसायच्या आधी मला कानाने कळायचं. टेबलाखालच्या डब्यातून हार्ड डिस्कची बारीक कुरकुर सुरू व्हायची. दिवाळी अंकाची जड फाइल असली की ती लांबायची. आवाज थांबला की मी चहा बाजूला सारून प्रूफ पुढे ओढायचे. डीटीपी करणाऱ्या सगळ्यांचेच कान असे तयार झालेले असत.

पुढे मशीनं बदलली. प्रत्येक वेळी जुन्या डिस्कमधला माल नव्या डिस्कवर ‘जुनी डी ड्राइव्ह’ नावाच्या फोल्डरात ओतायचा, हा शिरस्ता. लॅपटॉपपर्यंत येता येता फोल्डरात फोल्डर अशी उतरंडच झाली. अगदी तळाला होत्या बाबांनी सांगितलेल्या आणि मी टाइप करून घेतलेल्या आठवणी.

आयबीएमने १९५६ साली आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरं मावत. आमच्या एका अंकाचं मुखपृष्ठही त्यात बसलं नसतं. माझ्या लॅपटॉपातली तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरायची आणि वाचणारं हेड तिच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगायचं. केसाची जाडी यापेक्षा हजारो पट जास्त. अशी वस्तू वर्षानुवर्षं चालते, नवल खरं याचंच.

एका पावसाळ्यात आवाज बदलला. फाइल मध्येच थिजायची आणि आतून टक् व्हायचं. दुकानातला एक जण म्हणाला, झाकण खोलून बघतो. मी डिस्क उचलून घरी आणली. वाचनाच्या त्या फटीपेक्षा धुळीचा कणसुद्धा मोठा. धूळमुक्त खोलीशिवाय झाकण काढणं म्हणजे डिस्क मारणंच.

भाचा हार्डवेअरमधला. फोनवरच ओरडला, “मावशी, आधी बंद कर. सारखं चालू करून बघू नकोस!” टकटक सतत असती तर त्यानेही हात लावला नसता, थेट लॅबला पाठवली असती. पण मशीन डिस्कला अजून ओळखत होतं. त्याने ती लिनक्सला जोडून डीडीरेस्क्यू लावलं. मला हा प्रोग्रॅम फार आवडला. साधं कॉपी-पेस्ट खराब सेक्टरवर डोकं आपटत बसतं आणि त्यात आजारी हेड आणखी झिजतं. हा मात्र अडलं की नोंद करून पुढे उडी मारतो, सोपं तेवढं आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवतो आणि मग राहिलेल्या जागांकडे वळतो, कधी उलट्या दिशेने. शेवटचं वाचन जमून किती वेळ झाला, हेही पडद्यावर दिसतं. तो आकडा मिनिटांत गेला की भाचा नखं खायचा.

बहुतेक सगळं आलं. जिथे फोल्डरांची यादीच गेली होती तिथे फोटोरेक चालवावं लागलं. ते फाइलचं नाव बघतच नाही. जेपेगच्या सुरुवातीचे ठरावीक बाइट दिसले की उचलतं. त्यामुळे फोटो आले ते नुसत्या आकड्यांच्या नावांनी, मामेबहिणीच्या लग्नाशेजारी कुणाचं तरी लाइट बिल. पंगतीचा एक फोटो अर्धाच निघाला. माणसं सगळी आहेत, ताटांच्या जागी करडा पट्टा. “जिलब्या गेल्या,” आई म्हणाली.

बाबांच्या आठवणींची फाइल धड आली. उघडली तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा! यात डिस्कचा दोष नव्हता. युनिकोडच्या आधीच्या फाँटांत देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. फाँट नसेल तर मजकूर असून नसल्यासारखा. तो फाँट एका जुन्या ऑपरेटर मैत्रिणीकडे मिळाला. कन्व्हर्टरमधून काढलं तरी रफार भलत्याच अक्षरावर चढतात, पहिली वेलांटी जागा सोडते. सध्या संध्याकाळी तेच प्रूफ तपासते आहे.

नव्या लॅपटॉपात एसएसडी आहे. आत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे कानांना काम नाही. ती कधीकधी काही न सांगता एकदम जाते, असं भाचा म्हणतो. म्हणून तपासून झालेली पानं त्याच्याकडे नाशिकलाही जातात. पीडीएफ करून पाठव, असा त्याचा आग्रह असतो, कारण तिच्यात फाँटही सोबत बांधून देता येतो.